हात लावून सांग

(प्रभागसंघाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत एका सदस्य ताईंनी केलेलं हे भाषण. ताई गावात दुचाकी दुरुस्तीचं गॅरेज चालवतात. त्यांची बोलण्याची पद्धत शक्य तितकी तशीच ठेवली आहे. – संपादक मंडळ)



मला भाषण करता येत नाही, गाडी उघडता येते. त्यामुळं अध्यक्षताईंचा निरोप आला, "सभेत शर्यतीचं सांग," तेव्हा मी म्हटलं, त्यात सांगण्यासारखं काय आहे? मी काही कप घेऊन आले नाही. तर त्या म्हणाल्या, "जिंकलेल्यांची भाषणं दरवर्षी ऐकतो. तू बिघडलेल्या गाडीचं सांग." म्हणून आज उभी राहिले.

आधी ही शर्यत म्हणजे काय ते सांगते, कारण गावात निम्म्या जणींना वाटतं की मी रस्त्यावर गाड्या पळवायला गेले होते. रस्त्यावर शर्यत लावणं हा गुन्हा आहे, आणि त्यात आपलीच पोरं मरतात. मी गेले होते ती ड्रॅग रेस. ती रिकाम्या धावपट्टीवर नाहीतर खास ट्रॅकवर होते. तिथं ॲम्ब्युलन्स असते, परवाना लागतो, गाडीची आणि माणसाची तपासणी होते. सरळ पट्टी, वळण एकही नाही. अंतर 402 मीटर, म्हणजे पाव मैल. आपल्या शाळेपासून मारुतीच्या देवळापर्यंत असेल तेवढं. दोन गाड्या शेजारी-शेजारी उभ्या राहतात आणि दिवा हिरवा झाला की सुटतात. वीस सेकंदांच्या आत सगळं संपतं. त्या काही सेकंदांसाठी दोन दिवस तिथं बसून राहावं लागतं.

"हे बायांचं काम आहे का?" हे मला बऱ्याच जणींनी विचारलं. त्यांना मी एकच नाव सांगते. अमेरिकेत लुइझियाना राज्यातली अँजेल सॅम्पी म्हणून एक बाई आहे. पेशानं नर्स होती. मोटरसायकलच्या ड्रॅग रेसमध्ये ती 2000, 2001 आणि 2002 अशी सलग तीन वर्षं त्या देशाची विजेती झाली. बायकांचा वेगळा गट नव्हता, पुरुषांच्या बरोबरीनं. तिच्या गाड्या ताशी 300 किलोमीटरच्या वर जातात. माझी जाते 100-110. पण दिवा सगळ्यांना सारखाच लागतो.

माझी गाडी यामाहा आरएक्स 100. तुमच्यातल्या कितीतरी जणी लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आल्या असतील त्या याच गाडीवर मागं बसून. 98 सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन. 1996 नंतर ती बनायची थांबली. माझी वडिलांच्या हातची आहे. तिच्यावरच मी गाडी उघडायला शिकले आणि आजही तिच्यावरच वस्त्यांवर जाते. कुणाचा फवारणी पंप बंद पडतो, कुणाचं डिझेल इंजिन. म्हणजे ही गाडी माझी हौस आहे आणि पोटाचं साधनही तीच आहे. पुढं जे सांगणार आहे ते समजायला हे लक्षात ठेवा.

आता जे बोलायला जरा जड जातं, ते आधी बोलते. मी गटाकडून 25,000 रुपये कर्ज घेतलं होतं, गॅरेजसाठी. कॉम्प्रेसर आणि पान्यांचा सेट. शर्यतीचं कळलं तसं बैठकीत एका काकूंनी विचारलं, "गटाच्या पैशावर ही शर्यती खेळणार का?" त्या काकू आज समोरच बसल्यात, आणि हसतायत. मला त्या दिवशी लई राग आला होता. घरी येऊन रडले पण. रात्री सासूबाई म्हणाल्या, "रडतीस कशाला? तिनं हिशोब विचारलाय, शिवी नाही दिली."

आमच्या आत्याबाई, म्हणजे सासूबाई, आमच्या गटाच्या सचिव आहेत. सातवी शिकलेल्या. अक्षर मोत्यासारखं. पुढच्या बैठकीत मी पावत्या ठेवल्या. कॉम्प्रेसर, पाने, सगळं कर्जातलं. हप्ता महिन्याला 2,300, एकही चुकलेला नाही. शर्यतीचा खर्च माझ्या मजुरीतून साठवलेला. मग काकू म्हणाल्या, "मग जा. पण आल्यावर त्याचाही हिशोब सांग." आणि आत्याबाई म्हणाल्या, "मी पण येते. ही एकटी कशी जाईल?"

तर अशी आमची वरात निघाली. टेम्पोत गाडी, गाडीला दोरखंड, पुढं ड्रायव्हरशेजारी आत्याबाई, मांडीवर भाकरीचं गाठोडं आणि गटाच्या कामाची एक कोरी वही. ती वही त्यांनी का घेतली होती ते मला तेव्हा कळलं नाही.

शनिवारी सकाळी तपासणी झाली. हेल्मेट, चामड्याचा सूट, हातमोजे, घोट्याच्या वर येणारे बूट. सूट मी एका ओळखीच्या रायडरकडून मागून घेतला होता, खांद्यात ढगळा. गाडीला एक दोरी लावावी लागते, ती मनगटाला बांधायची. माणूस पडला तर दोरी सुटते आणि इंजिन बंद होतं. हे सगळं पास झालं. मग माझा पहिला राउंड.

दिव्यांचा खांब समोर असतो. पुढचं चाक अदृश्य किरणाच्या रेषेवर आलं की खांबावर बारीक दिवे लागतात, म्हणजे तू जागेवर आलीस. मग पिवळे तीन दिवे एकामागून एक, अर्ध्या-अर्ध्या सेकंदानं, आणि मग हिरवा. हिरव्याच्या आधी चाक हललं तर लाल लागतो आणि तू बाद.

हिरवा लागला. मी क्लच सोडला, रेस दिली. इंजिन ओरडायला लागलं. नुसतं ओरडतंय आणि गाडी म्हशीसारखी चाललीये. शेजारचा कधीच गेला. मला 20.36 सेकंद लागले. एवढा वेळ तर आमच्या गावच्या दूधवाल्याला किटल्यांसकट लागेल. पलीकडं पोरं शिट्ट्या मारत होती.

तंबूत आले आणि मी ठरवूनच टाकलं की क्लचप्लेटा गेल्या. नवीन आणायच्या तर शहरात जायचं, दोन तास आणि पैसे. मी पाकीट काढलं. तेवढ्यात आत्याबाईंनी विचारलं, "उघडून बघितलंस का?" म्हटलं, "नाही, पण मला आवाजावरनं कळतं." त्या म्हणाल्या, "गिऱ्हाईकाची गाडी असती तर असंच केलं असतंस?"

नसतं केलं. गिऱ्हाईकाच्या गाडीला मी आधी फुकटचं तपासते, मग स्वस्तातलं, आणि सगळ्यात शेवटी महागाचं. स्वतःच्या गाडीला घाईत विसरले. क्लच घसरण्याची पहिली फुकटची तपासणी म्हणजे केबल. क्लचच्या दांडीला थोडी सैल जागा लागते. माझ्या केबलला अजिबात नव्हती. आदल्या रात्री मीच ओढून घट्ट केली होती. म्हणजे मी दांडी सोडली तरी क्लच आत पुरता बसतच नव्हता. ती सैल केली. जरा फरक पडला, पण पुरा नाही.

दुसरी तपासणी ऑईल. या गाडीत इंजिनाचं ऑईल पेट्रोलमध्ये मिसळून जातं, पण गिअरचं ऑईल वेगळं असतं आणि क्लच त्याच ऑईलमध्ये बुडालेला असतो. शेजारच्या तंबूतले एक कोल्हापूरकडचे वयस्कर मिस्त्री आले. त्यांनी बोट बुडवून ऑईल चोळून बघितलं आणि विचारलं, "पोरी, हे कुठलं टाकलंस?" मी जरा मिरवूनच सांगितलं, एका मोटारीच्या कामातलं उरलेलं, एकदम भारीतलं. ते म्हणाले, "तेच. मोटारीच्या भारी ऑईलमध्ये घर्षण कमी करणारा माल असतो. मोटारीचा क्लच कोरडा असतो, तिला चालतं. तुझा क्लच ऑईलमध्ये आहे. घर्षण नसलं तर तो धरणार कशाला?"

महागाचं ते चांगलं असं मी धरून चालले होते. सगळं ऑईल काढलं, बाजूचं झाकण उघडलं. प्लेटांची जाडी चांगली होती, एकही बदलायची गरज नव्हती. पेट्रोलमध्ये धुतल्या, लोखंडी प्लेटा पॉलिश पेपरवर घासल्या, त्यांच्या स्प्रिंगा तेवढ्या नव्या घातल्या, त्या माझ्याकडं होत्या. पण झाकण उघडताना गास्केट फाटली. आता काय? मिस्त्रींनी गास्केटचा जाड कागद दिला. झाकणाच्या कडेला ऑईलचं बोट फिरवून ते कागदावर दाबलं की छाप उठतो. त्या छापावर आत्याबाईंनी कात्री चालवली. त्या ब्लाऊज शिवतात. भोकं सुद्धा इतकी नेमकी कापली की मिस्त्री म्हणाले, "बाई, आमच्याकडं कामाला या." आत्याबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि विचारलं, "पगार किती देता?"

संध्याकाळी दुसरा राउंड. 17.58. जवळजवळ तीन सेकंद खाली आले! पोरं येऊन पाठ थोपटायला लागली. मी पण खूश. आणि मग प्लग काढून बघितला.

प्लग म्हणजे इंजिनाची जीभ. डॉक्टर जसा जीभ बघतो तसा मिस्त्री प्लग बघतो. कॉफीसारखा तपकिरी असला तर तब्येत ठीक. काळा, ओला असला तर पेट्रोल नाहीतर ऑईल जास्त होतंय. आणि पांढरा असला तर पेट्रोल कमी, हवा जास्त, इंजिन आतून तापतंय. माझा पांढराफटक होता, खडूसारखा. टू-स्ट्रोकला पेट्रोलमधूनच ऑईल मिळतं. म्हणजे पेट्रोल कमी तर ऑईलही कमी. अजून एक-दोन राउंड असेच मारले तर पिस्टन पकडणार. चालत्या गाडीत पिस्टन पकडलं की मागचं चाक जागेवर थांबतं, आणि माणूस पुढं.

इथं माझी खरी परीक्षा होती, बायांनो. गाडी जोरात पळत होती. पांढऱ्या प्लगवर गाडी काही वेळ जरा जास्तच पळते, हेच फसवं असतं. एक जण म्हणाला, "ताई, हात लावू नका. उद्याचे दोनच राउंड काढायचेत, निघून जाईल." मला मोह झाला. पण इंजिन पकडलं तर ब्लॉक-पिस्टनचं पाच-सहा हजारांचं काम. सोमवारी वस्तीवर जायला गाडी नाही. पुढच्या महिन्याचा हप्ता कुठून देणार? आणि काकूंनी बैठकीत विचारल्यावर सांगणार काय, की मला माहीत होतं तरी पळवली?

मग शोधायला बसले की जास्तीची हवा येतीये कुठून. कार्बोरेटर आणि इंजिनाच्या मधे एक रबर असतं. ते जुनं होऊन तडकलं की तिथून चोरून हवा आत जाते. काही लोक ते बघायला पेट्रोल शिंपडतात. तुम्ही कधी करू नका, गरम इंजिनावर भडका उडेल. मी गाडी चालू ठेवली आणि आत्याबाईंनी तांब्यात साबणाचं पाणी करून थेंब-थेंब त्या रबरावर सोडलं. एका जागी पाणी पडल्याबरोबर इंजिनाचा आवाज बदलला. सापडला चोर. केसाएवढी चीर होती. वरून दिसतच नव्हती.

नवं रबर माझ्याकडं नव्हतं. मी तंबू-तंबू फिरले. ज्यांच्या गाडीला ते बसतं ती सगळी माझ्याच गटात धावणारी, म्हणजे माझे प्रतिस्पर्धी. मागायला तोंड उघडत नव्हतं. शेवटी सांगलीकडच्या एका पोरानं, असेल एकोणीस-वीस वर्षांचा, पेटी उघडून जुनं पण धड रबर काढून दिलं. मी पैसे विचारले तर म्हणाला, "ताई, उद्या लागल्यावर बघू." कार्बोरेटरची सुई पण एक खाच वर घेतली, म्हणजे पेट्रोल जरा जास्त जाईल. मग बॅटरीच्या उजेडात मागचं स्प्रॉकेट बदललं, दोन दात मोठं घातलं. अंतर चारशे मीटरचंच, तिथं शेवटचा वेग लागत नाही, उठाव लागतो. त्यासाठी चेन उघडली, परत जोडली. रात्रीचे अकरा वाजले होते.

आत्याबाई तोवर वहीत काहीतरी लिहीत बसल्या होत्या. मी बघितलं तर प्रत्येक राउंडचं पान केलेलं. वेळ, प्लगचा रंग, काय बिघडलं, काय बदललं, किती पैसे गेले. आणि शेवटच्या पानावर एक यादी: केबल, ऑईल, पेट्रोल, रबर, चाकांची हवा, ब्रेक, चेन, मनगटाची दोरी. म्हणाल्या, "उद्या प्रत्येक वेळी मी वाचणार, तू सांगायचं."

रविवारी सकाळी पहिला राउंड 16.93. प्लग काढला, कॉफीचा रंग. मी तो प्लग आत्याबाईंना असा दाखवला जसं काही दहावीचा निकाल लागलाय.

दुसऱ्या राउंडसाठी रांगेत उभी होते. पुढं चार गाड्या. आत्याबाई शेजारी वही घेऊन उभ्या. त्या वाचतायत, मी उत्तर देतीये. केबल? ठीक. रबर? ठीक. हवा? ठीक. चेन? ठीक. त्या थांबल्या. म्हणाल्या, "तू माझ्याकडं बघून सांगतीयेस. चेनीकडं बघ. हात लावून सांग."

मला चीड आली. सगळ्या पोरांसमोर सासू सुनेला असं बोलते. पण वाकले, चेनीला हात लावला, चाक फिरवत गेले. जोडाच्या जागी बोट आलं आणि माझ्या पोटात गोळा आला. चेनचं लॉक नव्हतं. ती एवढीशी क्लिप असते, करंगळीच्या नखाएवढी. तिचं बंद तोंड चेन ज्या दिशेला पळते त्या दिशेला ठेवायचं, उघडं तोंड मागं. रात्री बॅटरीच्या उजेडात मी ती उलटी बसवली होती. सकाळच्या राउंडमध्ये ती उडून गेली होती, आणि जोडाची पट्टी नुसत्या घट्टपणावर टिकली होती. त्या अवस्थेत मी चारशे मीटर पळवून आले होते, आणि आता परत निघाले होते. पट्टी निघाली असती तर चेन इंजिनापाशी गोळा होऊन चाक अडकलं असतं, नाहीतर आसूडासारखी पायावर बसली असती.

माझा नंबर पुकारत होते. मी हात वर केला आणि रांगेतून गाडी बाहेर काढली. तो राउंड गेला. पैसे परत मिळत नसतात. पलीकडून कुणीतरी म्हणालं, "घाबरली." आत्याबाईंनी ऐकलं आणि मला म्हणाल्या, "बोलू दे. तू लॉक शोध." जुन्या चेनचं लॉक सामानाच्या डब्यात होतं. ते बसवलं. मग त्यांनी त्याला स्वतः बोट लावून बघितलं.

16.93 वर मी आठ जणांत आले होते. तिथून पुढं बाद फेरी, हरला तो घरी. पहिल्या फेरीत शेजारच्याला लाल लागला, तो आधीच सुटला. त्यामुळं मी पुढं गेले. ते माझं नशीब, त्यात माझा पराक्रम काही नाही.

दुसऱ्या फेरीत समोर कोण? तोच सांगलीचा पोरगा, ज्यानं रबर दिलं. त्याचंच रबर माझ्या गाडीत. त्यानं हेल्मेटच्या आतून मान हलवली, मी पण हलवली.

आणि काय गंमत सांगू, त्या राउंडला माझी वेळ आली 16.71. दोन दिवसांतली सगळ्यात चांगली. त्याची आली 16.88. तरी जिंकला तो. कसं? या शर्यतीत घड्याळ हिरव्या दिव्याला सुरू होत नाही, तुमचं चाक रेषेवरून हललं की सुरू होतं. दिवा हिरवा झाल्यावर तुम्ही सुटायला किती वेळ लावला ते वेगळं मोजतात. त्यानं लावला 0.205 सेकंद. मी लावला 0.412. दोन्ही बेरजा आत्याबाईंच्या वहीत आहेत: तो 17.085, मी 17.122. शेवटच्या रेषेवर तो माझ्यापुढं सुमारे एक मीटर. गाडी माझी जोरात होती, पण सुटायला मीच उशीर केला. का उशीर केला तेही सांगते. हिरवा लागला त्या क्षणी माझ्या डोक्यात चेन होती.

तर पहिल्या चारांत आले, कप नाही. रबर मी त्याला पुढच्या आठवड्यात नवीन घेऊन पाठवून दिलं.

काकू, आता तुमचा हिशोब. प्रवेश फी 2,500. टेम्पो 3,200. पेट्रोल आणि ऑईल 1,150. स्प्रॉकेट, स्प्रिंगा, त्या पोराचं नवं रबर आणि बारीकसारीक धरून 1,640. एकूण 8,490 रुपये. मिळकत शून्य. ही हौस आहे, धंदा नाही, हे मी बैठकीत तसंच सांगितलं. हौसेला गुंतवणूक म्हणायचं नाही. आणि त्या महिन्याचा हप्ता दहा तारखेच्या आत भरला.

पण एक गोष्ट त्या दोन दिवसांतून आमच्या गटात आली, ती सांगून थांबते.

आमच्या ग्रामसंघाची पिठाची गिरणी आहे. ती दर दोन-तीन महिन्यांनी बंद पडायची. पट्टा तुटला, बेअरिंग गेलं, मोटर जळली. दर वेळी आम्ही मिस्त्री बोलवायचो, तो म्हणेल ते बदलायचो, आणि पुढच्या वेळी पहिल्यांदा काय बदललं होतं ते कुणालाच आठवायचं नाही. गिरणीवर ज्या ताई असतात त्यांना विचारलं, "सगळं ठीक ना?" की त्या म्हणायच्या, "ठीक." माझ्यासारखंच. आमच्याकडं बघून सांगायच्या, पट्ट्याकडं बघून नाही.

आत्याबाईंनी आल्यावर तशीच एक वही गिरणीला केली. सकाळी गिरणी चालू करायच्या आधी, वीज बंद असताना, पट्ट्याचा ताण हातानं दाबून बघायचा. बोल्ट हातानं हलवून बघायचे. संध्याकाळी बंद केल्यावर, मेन स्विच काढून, बेअरिंगच्या घरावर हात ठेवायचा. हात ठेववत नसेल इतकं गरम असेल तर लिहायचं आणि सांगायचं. बिघाड झाला तर आधी फुकटचं, मग स्वस्तातलं, मग महागाचं. काय बदललं, का बदललं, किती पैसे, कुणी बदललं, ते त्याच दिवशी लिहायचं. पहिल्याच आठवड्यात कळलं की पट्टा सारखा का तुटतो. मोटरची चकती आणि गिरणीची चकती एका रेषेत नव्हती. मोटरचे बोल्ट सैल करून सरळ केली. खर्च काही नाही, अर्धा तास गेला. पट्टे आम्ही उगाच घेत होतो.

आणि पैशाचंही तसंच आहे. मासिक बैठकीत कुणी म्हटलं, "बँकेत पैसे भरले," तर आता आत्याबाई म्हणतात, "पासबुक हातात घेऊन सांग." पहिल्यांदा एकदोघी रागावल्या. मी पण त्या रांगेत रागावले होते. आपल्यावर अविश्वास दाखवतात असं वाटतं. पण चेनला लॉक नव्हतं तेव्हा मी खोटं बोलत नव्हते हो. मला खरंच वाटत होतं की ठीक आहे. रात्री अकराला, दमलेल्या हातानं, मी ते बसवलं होतं, म्हणून ते असणारच असं मी धरलं. आपल्यापैकी कुणीही दमलेल्या हातानं चूक करू शकते. दुसरीनं यादी वाचायची आणि पहिलीनं हात लावून सांगायचं, एवढंच त्यावर औषध आहे. काकूंनी मला हिशोब विचारला तो पण तसाच होता. मला ते कळायला धावपट्टीपर्यंत जावं लागलं.

मागं उभ्या असलेल्या पोरींसाठी शेवटचं. तुमच्यातल्या बऱ्याच जणी स्कूटीवर कॉलेजला जाता. निघायच्या आधी तीन गोष्टींना हात लावा: दोन्ही ब्रेकच्या दांड्या, दोन्ही चाकांची हवा, आणि मागच्या ब्रेकचा दिवा, तो भिंतीवर पडलेल्या उजेडात दिसतो. एक मिनिट लागतं. आणि दुरुस्तीला गाडी आणली तर किल्ली टाकून निघून जाऊ नका. माझ्याकडं लाकडी बाकडं आहे, बसा, बघा, विचारा. सोमवारी गॅरेज बंद असतं, बाकी रोज उघडं आहे.

पुढच्या वर्षी परत जाणार का, असं सगळ्या विचारतात. पैसे साठवायला सुरुवात केलीये. आणि आत्याबाईंनी वहीत पुढचं पान आखून ठेवलंय, त्यावर पहिली ओळ लिहिलीये: "दिव्याकडं बघ, चेन मी बघितलीये."